चव ओळखणारे नाक आणि लिटर मोजणारे सरकार

बेंगळूरुमधील एका छोट्या बीअरनिर्मितीगृहात सकाळी अकराच्या सुमारास माझ्यापुढे तीन पेले ठेवण्यात आले. दोहोंत एकाच टाकीतील बीअर होती, तिसऱ्यात दुसऱ्या टाकीतील. वेगळा पेला ओळखायचा होता. मी मोठ्या आत्मविश्वासाने डावीकडचा उचलला आणि चुकलो. शेजारी बसलेल्या, हिशेब सांभाळणाऱ्या तरुणीने मात्र नुसत्या वासावरून तो अचूक हेरला. अन्नशास्त्रात ही ‘त्रिकोणी चाचणी’ म्हणून ओळखली जाते. केवळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश असते. त्याहून बऱ्याच अधिक वेळा वेगळा पेला ओळखला गेला, तरच फरक खरा मानायचा. तेथे मालकाचे मतही केवळ एक मत असते.

त्या सकाळचा फरक डायॲसिटिल या संयुगाचा होता. आंबवण्याच्या काळात यीस्ट एक पूर्वद्रव्य बाहेर टाकते आणि त्यापासून हे संयुग तयार होते. त्याचा वास लोण्यासारखा असतो. लिटरमागे मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा एवढे असले, तरी सरावलेल्या नाकाला ते जाणवते. यावरचा उपाय एकच, तो म्हणजे धीर. बीअर आणखी दोन-तीन दिवस यीस्टच्या सहवासात राहिली, की यीस्टच ते संयुग परत शोषून घेते. ती तयार झाली का, हे पाहण्याची रीतही सोपी आहे. एक नमुना साधारण ६० अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून थंड करायचा आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी ठेवून हुंगायचा. उष्णतेने लपलेले पूर्वद्रव्य उघडे पडते. त्या दिवशी तापवलेल्या पेल्याला लोण्याचा वास आला. वार गुरुवार होता आणि शनिवार-रविवारची गर्दी तोंडावर आलेली.

प्रश्न असा, की अशा वेळी थांबणाऱ्याला आपली व्यवस्था काय देते? मद्य हा सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय. राज्यांचा उत्पादन शुल्क विभाग लिटर मोजतो, मद्यार्काचे प्रमाण तपासतो, परवाना पाहतो. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मद्यपेयांसाठी केलेली २०१८ ची मानके १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. त्यांचा भर रचना, सुरक्षितता आणि वेष्टनावरील माहिती यांवर आहे. ते योग्यच आहे. परंतु निर्धोक बीअर चांगली असतेच असे नाही, आणि हा दोष प्रयोगशाळेच्या अहवालाआधी नाकाला कळतो.

सरकारने चवीचा न्यायनिवाडा करावा, असे मी म्हणणार नाही. मात्र चवीची कदर करणाऱ्याला त्याने दंड करू नये. जेथे शुल्क विक्रीवर न आकारता टाकीच्या क्षमतेवर आकारले जाते, तेथे थांबण्याचा प्रत्येक दिवस खर्चाचा ठरतो. जेथे बिघडलेला घाणा ओतून देण्यासाठी परवानग्यांचे हेलपाटे घालावे लागतात, तेथे तो ओतण्यापेक्षा फळांचा स्वाद मिसळून खपवण्याचा मोह होतो. कररचनाच मग गुणवत्तेची वैरी होते.

राज्यघटनेचा अनुच्छेद ४७ मद्यबंदीसाठी प्रयत्न करण्यास सांगतो, मग या व्यवसायाची काळजी कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. गुजरात आणि बिहारने आपला मार्ग निवडला आहे. पण जी राज्ये परवाना देतात आणि महसूल घेतात, त्यांना ग्राहकाच्या पेल्याकडे पाठ फिरवता येणार नाही.

शिवाय हे कौशल्य आपल्याला नवे नाही. कोलकात्यात १८६१ पासून चहाचा लिलाव चहा चाखणाऱ्यांच्या जिभेवर भरवसा ठेवून चालत आला आहे. कॉफी मंडळ कॉफीच्या गुणवत्तेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालवते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत ज्ञानेंद्रियांद्वारे अन्नपरीक्षणाचे शास्त्र रुजलेले आहे आणि त्याविषयीचे भारतीय मानक १९७१ पासून उपलब्ध आहे. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली, तेव्हापासून क्राफ्ट बीअरचा व्यवसाय वाढत गेला. या ज्ञानाशी त्याची सांगड मात्र कोणी घातली नाही.

त्यासाठी फार काही लागणार नाही. शुल्क विकल्या गेलेल्या लिटरवर असावे. नोंदवहीतील परीक्षणाच्या आधारे नष्ट केलेल्या घाण्यावरील शुल्क ठरलेल्या मुदतीत परत मिळावे. पेल्यापर्यंत बीअर नेणाऱ्या नळ्यांच्या सफाईची नोंद तपासणीचा भाग व्हावी, कारण अस्वच्छ नळीतील जिवाणू उत्तम बीअरलाही आंबूस करतात. आणि म्हैसूरसारख्या संस्थांनी लहान उत्पादकांच्या कर्मचाऱ्यांसाठी अल्प मुदतीचे वर्ग घ्यावेत.

त्या गुरुवारी टाकी उघडली गेली नाही. हिशेब सांभाळणाऱ्या त्या तरुणीनेच नोंदवहीत लिहिले : ‘लोण्याचा वास. सोमवारी पुन्हा पाहणे.’ त्या ओळीमुळे शनिवार-रविवारच्या विक्रीत किती घट येणार, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.