काळा दगड, पांढरी वाळू : मॉरिशसचा किनारा कसा निवडावा

जळगाव-धुळ्याकडून मॉरिशसला जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. नवी जोडपी जातात, कुणी आईवडिलांना आणि लेकरांना घेऊन जातात. निघण्याआधी बहुतेक जण एकच गोष्ट करतात : मोबाइलवर फोटो बघायचे आणि जिथलं पाणी जास्त निळं, तिथलं हॉटेल घ्यायचं. फोटोत वारा दिसत नाही, पाण्याची ओढ दिसत नाही. आज आपण हेच न दिसणारं समजून घेऊ.

सुरुवात आपल्या दगडापासून करू. धुळ्याच्या आसपासच्या टेकड्या, लळिंगचा किल्ला, आपल्या विहिरींतला काळा पाषाण, हे सगळं सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेशी भूशास्त्रज्ञ हा लाव्हा जोडतात, तिच्यावरून भारताची भूमी उत्तरेकडे सरकत गेली. जागा मागे राहिली, पण थंड झाली नाही. तिनेच पुढे समुद्रात बेटं उभी केली. 80-90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस, आणि त्यानंतर सुमारे 200 किलोमीटरवरचं रियुनियन, जिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. म्हणजे मॉरिशसचा काळा दगड आपल्या दगडाचा फार धाकटा भाऊ आहे. बेटही लहान, जळगाव जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी.

मग बेट काळं, तर वाळू पांढरी कशी? तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, तिथे डुमसची वाळू काळपट आहे. रत्नागिरीला मांडवीची वाळूही काळी. मॉरिशसची बहुतेक वाळू मात्र दगडाची नाहीच. ती प्रवाळांच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची, म्हणजे चुन्याची आहे. चिमूटभर वाळूवर लिंबू पिळलंत तर फेस येईल. आपल्या नदीच्या वाळूवर येणार नाही.

हे प्रवाळ जिवंत असतात आणि बेटाभोवती पाण्याखाली बांध घालतात, शेताला घालतो तसा. खोल समुद्राची लाट त्या बांधावर फुटते. बांध आणि किनारा यांच्यामधलं उथळ, शांत पाणी म्हणजे लगून. ज्या पाण्यात लहान मूल खेळू शकतं, ते हेच. म्हणून किनारा निवडताना पहिला प्रश्न वाळूच्या रंगाचा नाही. समोर बांध शाबूत आहे का, हा आहे. ओळखणं सोपं आहे. दूरवर पांढऱ्या फेसाची सलग रेघ दिसली आणि तिच्या अलीकडे पाणी स्थिर असलं, तर बांध आहे. फेस थेट किनाऱ्यावरच येऊन आपटत असेल, तर नाही.

आता बांध फुटतो कुठे, तर नदी समुद्राला मिळते तिथे. प्रवाळाला गोडं पाणी आणि गाळ सोसत नाही. पश्चिमेला तामारँ इथे नदी येते, त्यामुळे समोर बांधाला खिंड आहे, वाळूही जराशी काळपट. मोठी लाट त्या खिंडीतून आत येते. फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होणारे जगभरातून तिथे येतात. त्यांच्यासाठी ती जागा सोन्यासारखी, आपल्या सात वर्षांच्या पोरीसाठी नाही.

खिंडीची आणखी एक गंमत आहे, आणि इथे जीव जाऊ शकतो म्हणून सावकाश सांगतो. लाटा बांधावरून सतत पाणी आत ढकलतात. ते पाणी बाहेर पडायला वाट शोधतं, आणि वाट म्हणजे खिंड. वरून पाणी शांत दिसतं, खालून ओढ बाहेर खोल समुद्राकडे असते. आपल्याकडे पोहणारे पुष्कळ जण विहिरीत शिकलेले. विहिरीत खोली कळते, दम कळतो. ओढ कळत नाही, कारण विहिरीला ओढच नसते. पुरातल्या तापीत उतरलेल्या माणसाला ती ठाऊक असते, पण नदी निदान पुढच्या वळणावर काठाला तरी लावते. अशा ओढीत सापडलात तर तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे हात मारत दमू नका. आडवे, किनाऱ्याला समांतर पोहा आणि ओढीच्या बाहेर आलात की मग वळा. नाहीच जमलं तर तरंगत राहा आणि हात वर करा.

दक्षिणेला सुइयाकजवळ ग्री-ग्री नावाची जागा आहे. तिथे समोर बांधच नाही. काळ्या कड्यांवर समुद्र आदळतो. आम्हाला विचाराल तर बेटावरची सर्वांत बघण्यासारखी जागा तीच, कारण आपला दगड समुद्राशी झुंजताना तिथे दिसतो. पण बघायची, उतरायचं नाही.

रियुनियन तर वयाने लहान. बांध फक्त पश्चिमेच्या थोड्या पट्ट्यापुरता तयार झालाय. 2011 पासून तिथे शार्कचे जीवघेणे हल्ले वाढले आणि 2013 मध्ये लगूनबाहेर पोहण्यावर बंदी आली. जोडून दोन्ही बेटं बघायचा बेत असेल तर हे ध्यानात ठेवा.

आता वारा. साधारण मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा, आणि आग्नेयेचा व्यापारी वारा तेव्हा जोरात असतो. तो पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर थेट येतो. बेल मारची वाळू अप्रतिम, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे टोपी डोक्यावर राहायची नाही. मधल्या डोंगरांमुळे पश्चिम आणि वायव्य बाजूला आडोसा मिळतो : फ्लिक-आँ-फ्लाक, माँ श्वाझी, त्रू-ओ-बिश. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरनंतर, हीच पश्चिम बाजू तापते आणि पूर्वेची झुळूक बरी वाटते. मात्र जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. आपल्या सुट्ट्या यात छान बसतात. मेमध्ये इथे पारा 45 कडे जातो तेव्हा तिथली हवा निवत आलेली असते, आणि दिवाळीत वारा उतरलेला असतो. नैऋत्य टोकाच्या ले मॉर्नला वाऱ्याचा भरवसा, म्हणून पतंग बांधून पाण्यावर धावणारे तिथे जमतात. त्या डोंगरात पळून आलेले गुलाम लपत. 2008 मध्ये तो जागतिक वारसा झाला.

लेकरं आणि न पोहणारी मंडळी बरोबर असतील तर आमचं मत सरळ आहे : मुक्काम त्रू-ओ-बिश किंवा माँ श्वाझीला, बाकीचे किनारे दिवसभराच्या गाडीने. भरती-ओहोटीचा फरक तिथे हातभरच, कोकणासारखा नाही; तरी ओहोटीला लगून गुडघ्याएवढं होतं आणि पाय थेट खडकावर पडतो. समुद्री साळूचे काटे मोडतात, दगडासारखा दिसणारा विषारी मासाही असतो. तेव्हा रबरी बूट हवेतच. ते इथूनच न्या.

महागडं हॉटेल घेतलं नाही तर समुद्र मिळणार नाही, असं मुळीच नाही. भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा तिथे सगळ्यांचा. रविवारी गावची कुटुंबं डबे घेऊन सुरूच्या सावलीत बसतात. त्यांत मराठी घरंही असतात. 19व्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांची ही पुढची पिढी, आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. ओळख काढा आणि विचारा, इथे पाणी कुठे ओढतं. हॉटेलच्या माहितीपत्रकात हे उत्तर मिळत नाही.

राहता राहिली वाळू. उपसा म्हटलं की आपल्याला गिरणा आठवते. तिथेही बांधकामासाठी लगूनमधून वाळू उपसत. 2001 मध्ये ते बंद केलं, कारण ही वाळू डोंगरातून वाहत येत नाही, प्रवाळ जगले तरच नवी तयार होते. प्रवाळाचे तुकडे आणि शंख देशाबाहेर न्यायलाही मनाई आहे, तेव्हा विमानतळाकडे निघण्याआधी पोरांचे खिसे तपासा.