बंदूक नाकारणाऱ्या राज्याचे देणे

आनेकल हा बंगळूरु शहर जिल्ह्याचा अगदी दक्षिणेकडील तालुका. एका बाजूला बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, दुसऱ्या बाजूला जिगणी आणि बोम्मसंद्रच्या औद्योगिक वसाहती आणि होसूर रस्त्याने अत्तिबेले ओलांडले की तमिळनाडू. देशातील बंदूक परवान्यांचा वाद समजून घेण्यासाठी मला दिल्लीतल्या परिसंवादांपेक्षा हा तालुका अधिक उपयोगाचा वाटतो. सामान्य माणसाला शस्त्र जवळ असावे असे वाटण्याची दोन्ही कारणे, म्हणजे जंगलाचे भय आणि माणसांचे भय, इथे काही किलोमीटरच्या अंतरावर नांदतात.

पहिले भय जुने आहे. कन्नडमध्ये ‘आने’ म्हणजे हत्ती. तालुक्याच्या नावातच तो आहे. नाचणी दाण्यावर आली की जंगलाच्या कडेच्या गावांत रात्रीची राखण सुरू होते. बन्नेरघट्टाभोवतीचे पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र आधीच्या मसुद्यात सुमारे २६९ चौरस किलोमीटर होते. २०२० च्या अंतिम अधिसूचनेत ते सुमारे १६९ चौरस किलोमीटरवर आले. जंगलाच्या कडेला बांधकामे वाढत असताना हत्ती आणि रानडुकरे यांच्या वाटा आखडत जाणार आणि त्यांचा भार शेतकऱ्यावर पडणार, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

दुसरे भय नवे आहे. माहिती तंत्रज्ञान उद्योगाने शेजारच्या जमिनीला सोन्याचा भाव आणला. त्याबरोबर दलाल, बनावट कागदपत्रे, कब्जे आणि टोळ्या आल्या. २०२४ च्या जुलैमध्ये आनेकल पुरसभेच्या एका सदस्याची धारदार शस्त्रांनी हत्या झाली. पुण्याच्या वाचकाला ‘कोयता’ हा शब्द जे सुचवतो, तेच या परिसरातील नागरिकाच्या मनात ‘मच्चु’ या शब्दाने येते. महसुलाच्या दृष्टीने हा तालुका शहर जिल्ह्यात मोडतो, मात्र त्याचा मोठा भाग ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत आहे. वस्ती महानगराच्या वेगाने वाढली. पोलीस यंत्रणेचा आकार त्या वेगाने वाढला नाही.

अशा ठिकाणी बंदूकहक्काच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद सहज पटतो. गुन्हेगार परवाना मागायला जात नाही, मग कायदा पाळणाऱ्यालाच निःशस्त्र का ठेवता, असे ते विचारतात. भारतीय न्याय संहितेने स्वसंरक्षणाचा अधिकार मान्य केला आहे. ठरावीक प्रसंगी तो हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. अधिकार द्यायचा आणि साधन नाकारायचे, ही विसंगती नव्हे काय? आपल्याकडे ‘नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया’सारख्या संघटना हीच भूमिका मांडतात. तिला अमेरिकेची नक्कल म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण इतिहासाला धरून नाही.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी भारतीयांना निःशस्त्र केले, ही सल आपल्या राष्ट्रीय चळवळीत खोलवर होती. अहिंसेच्या गांधीजींनीही त्या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. त्याच आधारावर डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णु कामत यांनी हा हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते शस्त्र बिनदिक्कत घेता आले, तर राज्यकारभार चालवणे अशक्य होईल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना, अमेरिकेप्रमाणे आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, याची आठवण करून दिली.

मला ही भूमिका योग्य वाटते. पण तिच्यातून निघणारी जबाबदारी आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. स्वतःच्या रक्षणाचे साधन नागरिकाच्या हाती देण्यास जे राज्य नकार देते, ते त्या नकाराबरोबर दोन ऋणे पत्करते. नकाराची कारणे सर्वांना सारख्या मापाने द्यायची, हे पहिले. ज्या भयापोटी अर्ज आला त्या भयाचा बंदोबस्त स्वतः करायचा, हे दुसरे. भारतीय राज्याने यांपैकी एकही ऋण नीट फेडलेले नाही आणि बंदूकहक्काच्या मागणीचे बळ नेमके त्या थकबाकीत आहे.

पहिल्या ऋणाविषयी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५९ चा शस्त्र कायदा पुष्कळांना वाटतो तितका जुलमी नाही. पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असल्यास, अन्य अडचण नसेल तर परवाना द्यावा, असे कलम १३ सांगते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे कलम १४ स्पष्ट बजावते. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि नकाराविरुद्ध अपीलही करता येते. याचा अर्थ, कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर नाचणीची राखण करणारा अल्पभूधारक होता.

व्यवहार मात्र उलटा आहे. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे आपल्याकडे रक्षणापेक्षा प्रतिष्ठेचे साधन बनले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी आयात बंद झाली आणि जुन्या विलायती शस्त्रांच्या किमती गगनाला भिडल्या; आयुध निर्माणीचे साधे रिव्हॉल्व्हरही सामान्यांच्या आवाक्याबाहेर राहिले. परवान्यांचे वाटप पाहा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ७० हजार परवाने होते. त्यांतील १२ लाख ७७ हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात, कर्नाटकात सुमारे १ लाख १३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. उत्तर प्रदेशाची मोठी लोकसंख्या धरली तरी ही तफावत केवळ धोक्याच्या प्रमाणात पडलेली नाही. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या पावणेतीन लाखांहून अधिक परवान्यांच्या गैरव्यवहाराची चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेली. मस्साजोगच्या सरपंचांच्या डिसेंबर २०२४ मधील हत्येनंतर एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे समोर आले, तेव्हा कुठे प्रशासनाने फेरतपासणी करून अनेक परवाने रद्द केले. ही छाननी परवाना देताना का झाली नाही, हा खरा प्रश्न आहे.

परवाना म्हणजे जबाबदार हात, हे गृहीतकही तपासून घ्यावे. फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्राने दोन घटना पाहिल्या. उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातच एका राजकीय नेत्यावर गोळीबार झाला आणि त्या प्रकरणी विद्यमान आमदाराला अटक झाली. वादाचे मूळ जमिनीत होते. काही दिवसांतच दहिसरमध्ये एका माजी नगरसेवकाची हत्या झाली, तीही खासगी अंगरक्षकाच्या परवान्यावरील पिस्तुलाने. त्याच वर्षी मुळशी तालुक्यात जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. ते पिस्तूलही परवान्याचेच होते. आनेकलमधील जमिनीच्या भावाची ज्याला कल्पना आहे, त्याने या घटना मनाशी ताडून पाहाव्यात. परवाने सैल केले तर तिथे शस्त्र आधी कोणाच्या कमरेला लागेल? अल्पभूधारकाच्या की त्याची जमीन हवी असलेल्याच्या?

आता अवैध शस्त्रांकडे वळू. जिनेव्हातील ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार भारतातील नागरिकांच्या हाती सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका आहेत. त्यांतील बहुसंख्य नोंदणीबाह्य. म्हणजे आपल्या कायद्याचा सारा जाच दृष्टीस पडणाऱ्या छोट्या हिश्श्यावर चालतो. बिहारमधील मुंगेर किंवा जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेले मध्य प्रदेशातील उमर्टी ही नावे पोलिसांना वर्षानुवर्षे पाठ आहेत. पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, कोल्हापुरात गोविंद पानसरे, धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी आणि बंगळूरुत गौरी लंकेश या चौघांवर २०१३ ते २०१७ या काळात गोळ्या झाडल्या गेल्या, त्या गावठी पिस्तुलांतूनच, असे तपासात पुढे आले. हल्ला झाला तेव्हा कोणी सकाळी फिरायला निघाले होते, तर कोणी घराच्या दारात होते. त्यांच्या खिशात पिस्तूल असते तर ते वाचले असते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. दबा धरून आलेल्या मारेकऱ्यापुढे शस्त्र बाहेर काढायलाही सवड मिळत नाही. उपाय होता तो शस्त्र मारेकऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच साखळी तोडण्याचा आणि धमक्यांची वेळीच दखल घेण्याचा.

‘शस्त्रधारी समाज हा सुरक्षित समाज’ या सूत्राची कसोटी अमेरिकेत लागली आहे. तिथे माणसांपेक्षा बंदुका अधिक आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २००८ व २०२२ च्या निकालांनी व्यक्तीचा हक्क अधिकच पक्का केला. तरीही २०२१ मध्ये तिथे ४८ हजारांहून अधिक लोक बंदुकीने मेले. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. घरात आलेली बंदूक चोराची वाट पाहत बसत नाही; घरातल्या निराशेच्या आणि रागाच्या क्षणीही ती हाताशी असते. शेतकरी आत्महत्यांचा अनुभव गाठीशी असलेल्या महाराष्ट्राला हे निराळे समजावून सांगायला नको.

यावर बंदूकहक्काचे पुरस्कर्ते कर्नाटकातलेच कोडगूचे उदाहरण देतात. कोडव समाज आणि तेथील जम्मा जमीनधारक यांना परवान्याच्या अटीतून सूट आहे. १९६३ च्या अधिसूचनेपासून चालत आलेली ही सूट केंद्राने २०१९ मध्ये आणखी दहा वर्षे वाढवली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कैलपोद या सणाला तिथे शस्त्रांची पूजा होते. जन्म आणि मृत्यूची वार्ता बंदुकीच्या बारांनी दिली जाते. मात्र यातून निघणारा निष्कर्ष नीट वाचला पाहिजे. तिथे बंदूक कुळाच्या आणि गावाच्या नजरेखाली असते. ती कोणाची आहे, कुठे आहे, हे सर्वांना ठाऊक असते. काल भूखंड विकत घेऊन आज शेजारी झालेल्या अनोळखी माणसांच्या आनेकलमध्ये ही सामाजिक शिस्त अधिसूचनेने आणता येणार नाही. शिवाय जन्मावर आधारलेली सूट हा सर्वांसाठीच्या हक्काचा पाया होऊ शकत नाही.

तेव्हा राज्याने आपले देणे फेडावे. परवान्यांची जिल्हानिहाय माहिती, म्हणजे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, कोणत्या प्रकारच्या कारणासाठी आणि किती दिवसांत, ही नावे वगळून दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. पीकसंरक्षणाचे परवाने आणि पिस्तुलांचे परवाने यांची रांग वेगळी असावी. निवडणूक आली की सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून घेण्याची प्रथा सिंधुदुर्गापासून कोडगूपर्यंत शेतकऱ्यांना जाचते. प्रत्येक प्रकरण छाननी समितीपुढे पाहावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितले होते. आधी राजकीय टोळ्यांची शस्त्रे जमा करा, मग शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीकडे वळा. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि अवैध निर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. कागदावरचे हे कठोरपण आंतरराज्य तपासात उतरले पाहिजे.

दुसरे ऋण याहून मोठे आहे. हत्ती हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी. त्याच्यावर बंदूक चालवता येत नाही आणि चालवू नये. मग त्याच्यामुळे झालेल्या हानीची भरपाई हंगाम संपण्याआधी मिळाली पाहिजे आणि जुन्या रेल्वे रुळांचे कुंपण अर्धवट सोडून भागणार नाही. जमिनीच्या वादात धमकावल्याची तक्रार ‘दिवाणी बाब’ म्हणून ठाण्यातून परत पाठवली जाते, तिथे प्रत्येक परतलेला तक्रारदार पिस्तुलाच्या बाजूचा एक नवा मतदार असतो.

बंदुकीचा हक्क नको, या मताचा मी आहे. पण हे मत आनेकलच्या शेतकऱ्याला ऐकवण्याचा अधिकार, रात्री त्याने फोन केल्यावर कोणीतरी येते, त्या राज्यालाच आहे. जिथे कोणी येत नाही, तिथे गावठी कट्टा विकणारा मात्र वेळेवर पोहोचतो.