रनिंग किती, यापेक्षा रनिंग कसे

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बोनेट उघडण्याआधी मीटरकडे बघतो. ‘सात वर्षांची गाडी, रनिंग फक्त चाळीस हजार, सिंगल ओनर’ एवढे ऐकले की भाव चढतो आणि गिऱ्हाईक तो बिनतक्रार देते. शेजारची, त्याच वयाची पण एक लाख वीस हजार किलोमीटर चाललेली गाडी मात्र कोणी विचारत नाही. पेट्रोल गाडीला हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. डिझेलच्या बाबतीत तो अनेकदा उलटा बसतो. डिझेल गाडी किती चालली यापेक्षा ती कशी चालली, हे आधी शोधायला हवे. ते शोधण्याच्या खुणा गाडीतच असतात, फक्त त्या मीटरवर नसतात.

याचे कारण इंजिनाच्या कामाच्या पद्धतीत आहे. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा साधारण सोळा-सतरा पट दाबली जाते, दाबाने ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून सोडलेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. कॉमन रेल इंजिनात हा फवारा दीड हजार बारहून जास्त दाबाने मारला जातो. इंजिन पुरते तापलेले आणि कामाला जुंपलेले असेल, तर ही सगळी यंत्रणा वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते. इंजिन थंड असताना मात्र डिझेल अर्धवट जळते, आणि काजळी धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हवर आणि हवेच्या नळ्यांत साचत जाते. आता वरच्या दोन गाड्यांचा हिशेब मांडा. सात वर्षांत चाळीस हजार म्हणजे रोजचे सरासरी सोळा किलोमीटर. पुण्यासारख्या शहरात हे बहुधा घर ते ऑफिस आणि परत, म्हणजे सिग्नलवर थांबत केलेल्या आठ-आठ किलोमीटरच्या दोन फेऱ्या. इंजिन तापते न तापते तोच बंद होते, आणि क्लचवर पाय सतत असतो. एक लाख वीस हजारवाली गाडी पुणे-कोल्हापूर रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चालली असेल आणि तिचे ऑइल वेळच्या वेळी बदलले असेल, तर तिचे इंजिन पहिलीपेक्षा निरोगी असण्याची शक्यता जास्त.

1 एप्रिल 2020 पासून देशभर प्रदूषणाचे बीएस-6 निकष लागू झाले आणि या फरकाला आणखी धार आली. डिझेल कारमधून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांची मर्यादा किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅमवरून 4.5 मिलिग्रॅमवर आली. ती पाळण्यासाठी धुराच्या मार्गात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर बसला. साचलेली काजळी तो साधारण सहाशे अंश तापमानाला जाळून टाकतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात धावावी लागते. तेवढे तापमान गाठता यावे म्हणून अनेक इंजिने जादा डिझेल सोडतात. गाडी मध्येच बंद झाली की त्यातले न जळलेले डिझेल पिस्टनच्या कडेने ओघळून खालच्या ऑइलमध्ये मिसळते. म्हणून अशा गाडीची डिपस्टिक काढून बघाच. ऑइल काळे दिसले म्हणून दचकू नका. डिझेल इंजिनात नवे ऑइलसुद्धा लवकर काळे पडते. पण त्याची पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल, बोटांना ते पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ही गाडी अपुऱ्या फेऱ्यांवरच जगली आहे असे समजावे. सायलेन्सरच्या तोंडातही बोट फिरवून बघावे. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीत तिथे फारशी काजळी सापडत नाही. बोट काळेकुट्ट झाले तर फिल्टर फुटलेला असेल किंवा तो मुद्दाम पोकळ केलेला असेल.

यावर जाणकार म्हणतील, मग त्याआधीची बीएस-4 गाडी घ्यावी, तिच्यात ही भानगडच नाही. यात तथ्य आहे. मारुती, टाटा आणि फियाटच्या कितीतरी गाड्यांत बसलेले 1.3 लिटरचे मल्टिजेट इंजिन गावोगावच्या मेकॅनिकला पाठ आहे आणि त्याचे पार्टही सहज मिळतात. पण मारुतीने 2020 मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणजे अशी सर्वांत नवी गाडीही आता तरुण राहिलेली नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे फिटनेस तपासणी व पर्यावरण कर येतो, तेव्हा उरलेली वर्षे मोजूनच किंमत ठरवावी. दिल्ली पासिंगच्या स्वस्त गाड्यांबाबत तर दुप्पट सावध राहावे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्या चालवण्यावरच्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शिक्कामोर्तब केले. 2025 मध्ये काही सवलत मिळाली, तरी तिथले भाव पडण्याचे मूळ कारण ही बंदीच. अशी गाडी इकडे आणताना एनओसी, नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरल्यावर स्वस्ताई किती उरते, ते आधी कागदावर मांडावे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. वापर कसा झाला हे विक्रेता सांगेल ते, मीटरचा आकडा निदान समोर तरी असतो, असे लोक म्हणतात. पण तो आकडाच मागे फिरवता येतो, आणि कमी रनिंगला भाव मिळतो म्हणूनच तो फिरवला जातो. त्याला साक्षीदार लागतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदींत प्रत्येक भेटीचे किलोमीटर असतात. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड त्याचा आठवडा आणि वर्ष सांगतो: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. चाळीस हजार चाललेल्या गाडीचे टायर दुसऱ्यांदा बदललेले असतील, तर त्याचे कारण विचारावे. ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत आहे का, ड्रायव्हरची सीट बसली आहे का, हेही पाहावे. मेकॅनिककडून स्कॅनर लावून घेतला, तर अनेक गाड्यांत डीपीएफमधली काजळी आणि तो शेवटचा केव्हा साफ झाला, हेही कळते. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपण पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका असे आधीच बजावावे. बोनेट गरम लागले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर आला तर ऑइल जळते आहे; पांढरा धूर थांबतच नसेल तर डिझेल नीट पेटत नाही किंवा कूलंट आत जाते आहे; पिकअप घेताना दाट काळा धूर आला तर नोझल, टर्बो किंवा हवेचा मार्ग बिघडला आहे. तापलेल्या इंजिनावर यातली काही लक्षणे सहज लपतात.

सर्टिफाइड डीलरकडून वॉरंटीसह गाडी घेतली की एवढी यातायात कशाला, असेही विचारले जाते. डीलरकडची कागदपत्रे बहुधा नीट असतात, हा फायदा खराच. तरी कर्जाचा बोजा उतरला आहे का, ई-चलान थकले आहे का आणि आरसी आपल्या नावावर कधी होणार, हे स्वतः तपासावे. पण वॉरंटीत काय बसत नाही, ते बारीक अक्षरांत असते. नोझल, टर्बो, डीपीएफ आणि क्लच यांची नावे त्या यादीत शोधावीत, कारण डिझेलमध्ये मोठा खर्च याच ठिकाणी येतो.

शेवटी हा तपास स्वतःपाशी येतो. मे 2012 मध्ये मुंबईत पेट्रोल आणि डिझेलच्या दरांत लिटरमागे तीस रुपयांहून अधिक फरक होता, तेव्हा डिझेल घेणे बहुतेकांना परवडत होते. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, तोवर ही तफावत बरीच आक्रसली होती. पेट्रोल 104 आणि डिझेल 90 रुपये धरले, पेट्रोल गाडीचे अ‍ॅव्हरेज 15 आणि डिझेलचे 20 मानले, तर किलोमीटरमागे सुमारे अडीच रुपये वाचतात. वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे पंधरा हजारही वाचत नाहीत, आणि नोझल किंवा डीपीएफचे एक काम ती बचत गिळून टाकते. वर्षाला अठरा हजार, तेही हायवेवर चालवणाऱ्याचे त्रेचाळीस हजारांहून अधिक वाचतात, शिवाय गाडीची तब्येतही टिकते. म्हणून विक्रेत्याला रनिंग विचारण्याआधी स्वतःचे रनिंग लिहून काढावे. ते शहरातल्या छोट्या फेऱ्यांचे असेल, तर उत्तमातली उत्तम जुनी डिझेल गाडीसुद्धा आपल्या हातात बिघडेल. तिथे पेट्रोल किंवा सीएनजी हाच शहाणपणाचा पर्याय आहे.