पस्तीसची केबल

सकाळी साडेआठला शिवाजी उद्यमनगरात दुकानाचं शटर वर जातं. कोल्हापुरात थंडी पडली, की 'सेल्फ घेत नाही' म्हणणाऱ्या गाड्या दारात लागतात. गारठ्यानं इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर उतरतो आणि वर्षभर दबून राहिलेला दोष वर येतो. आजची पहिली गाडी एका निवृत्त गुरुजींची. जुनी डिझेल जीप, गल्लीतल्या पोरांनी धक्का मारून चालू करून दिलेली.

"मिस्त्री, दोन महिन्यांपूर्वी नवी बॅटरी टाकलीय. तरी नुसतं टक-टक करतंय बघा."

"बॅटरीचं नंतर बघू, गुरुजी. आधी मीटर लावू."

नऊ वाजता बॉनेट उघडलं. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. इंजिन सुरू होऊ नये म्हणून माझ्या भाच्यानं स्टॉपची नॉब ओढून धरली आणि सेल्फ मारला. मीटरची एक पिन मी बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटावर टेकवली होती, दुसरी सेल्फच्या बोल्टवर. पिन टर्मिनलच्या पट्टीवर ठेवली तर खुंट आणि पट्टी यांच्यातला सांधा मोजमापातून सुटतो, आणि चोर बहुतेक वेळा तिथंच बसलेला असतो. मीटरनं १.३ व्होल्ट दाखवले. चांगल्या केबलवर हा आकडा ०.२ च्या आत हवा. मायनसच्या बाजूला ०.६. दोन्ही मिळून जवळजवळ दोन व्होल्ट सेल्फपर्यंत पोचतच नव्हते. असं असताना गुरुजींनी बॅटरी बदलली होती, आणि तसा सल्ला त्यांना कुणीतरी मीटर न लावताच दिला होता. मला याचंच वाईट वाटतं.

साडेनऊला केबल खाली काढली. आधी मायनस सोडायचा, मग प्लस, बसवताना उलट. मायनस जागेवर असताना प्लसचा पाना बॉडीला टेकला, तर पाना वितळेल एवढा करंट वाहतो. भाच्याला हे मी पहिल्याच दिवशी सांगितलंय आणि अजून रोज विचारतो.

काढलेल्या केबलचं टोक बघण्यासारखं होतं. पितळी टर्मिनलच्या पट्टीखाली उघड्या तारा दोन स्क्रूंनी आवळलेल्या. काही तारा तुटलेल्या, बाकीच्यांवर हिरवी-निळी भुकटी. ॲसिडची वाफ तांब्याला लागली की हे मोरचूद धरतं. वरचं रबर चिरलं तर आत बोटभर अंतरापर्यंत तांबं काळं पडलेलं.

दहा वाजता नव्या केबलची तयारी. जुन्या केबलवरून माप घ्यायचं नाही, ती आधीच कुणीतरी तोकडी कापलेली असते. मी सुतळी घेऊन बॅटरीपासून सेल्फपर्यंत खरी वाट धरतो. सायलेन्सरपासून लांब, आणि इंजिन हलतं म्हणून थोडी सैल. सुतळी भरली १ मीटर २० सेंटिमीटर. त्यासाठी ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल काढली. वेल्डिंगचीच का, तर तिच्यातल्या तारा केसासारख्या बारीक असतात. ०.२ मिलिमीटरची तार धरली तर पस्तीसच्या केबलीत अकराशेच्या वर तारा बसतात. म्हणून ती वळते आणि इंजिनाच्या थरथरीत तुटत नाही. १६ ची केबलही दिसायला जाड वाटते. पण २५० ॲम्पिअर वाहताना तिच्यात एका मीटरला पाव व्होल्टहून जास्त जातो, पस्तीसच्या केबलीत त्याच्या निम्म्याहून कमी.

आता लग, म्हणजे केबलच्या टोकाचं नळीवालं टर्मिनल, दाबणं. या कामाला मी घाई करत नाही. लगच्या नळीपेक्षा दोन मिलिमीटर जास्त रबर काढायचं. ब्लेड गोल फिरवायचं, पण तारेला लागू द्यायचं नाही. ओरखडा पडलेली तार उद्या तिथंच तुटते. सगळ्याच्या सगळ्या तारा नळीत गेल्या पाहिजेत. जाईनात म्हणून चार तारा कापणाऱ्याला मी दुकानात उभा करत नाही. लगच्या छोट्या भोकातून तांबं दिसलं, की हायड्रॉलिक दाबयंत्रात ३५ ची षटकोनी डाय. पहिला दाब बोल्टच्या भोकाकडच्या बाजूला, दुसरा केबलकडे. डायचे दोन्ही ओठ मिळेपर्यंत दांडा मारायचा. दुसरा लग चढवण्याआधी दोन गोष्टी: हीट श्रिंक स्लीव्ह आत सरकवली का, आणि दोन्ही लगची तोंडं गाडीवर बसतील तशा कोनात आहेत का. पस्तीसची केबल नंतर पिळून बसवता येत नाही.

भाच्यानं विचारलं, "मामा, हातोड्यानं चेपून वर कथील ओतलं तर?"

मी त्याला फळीवरचे दोन तुकडे दिले. दोन्ही दाबलेले लग मी हॅक्सॉनं आडवे कापून पॉलिश पेपरवर घासून ठेवलेत. हातोड्यानं चेपलेल्यात तारा वेगवेगळ्या दिसतात, मधे काळ्या फटी. यंत्रानं दाबलेला तांब्याचा एकसंध षटकोन, त्यात तार ओळखू येत नाही. फटच नाही तर हवा आणि ॲसिड शिरणार कुठून? कथलाचं मी स्वतः भोगलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुधाच्या टेम्पोला मी कथील ओतून केबल करून दिली होती. कथील तारांमधून वर चढलं, तेवढा भाग काडीसारखा कडक झाला आणि जिथं कडकपणा संपतो नेमकं तिथंच केबल तुटली. टेम्पो फोंडा घाटात रात्रभर उभा राहिला, दूध गेलं. त्यानंतर बॅटरीच्या केबलला मी कथील लावलेलं नाही.

बारापर्यंत प्लसबरोबर बाकीच्या दोन्ही केबलीही तयार झाल्या. मायनसची एक, आणि इंजिनापासून चॅसीपर्यंत अर्थिंगची एक. ही अर्थिंग लोक विसरतात. ती तुटली की सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो. क्लचची नाहीतर ॲक्सिलरेटरची तार गरम होऊन जळायला लागते.

जेवण झालं, दुपार हेडलाइट आणि हॉर्नच्या किरकोळ कामांत गेली.

साडेतीनला केबली बसवल्या. शिशाचे खुंट खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं धुऊन कोरडे केले, बॉडीवरची अर्थिंगची जागा रंग जाऊन लोखंड चकाकेपर्यंत घासली, बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. पुन्हा मीटर लावला. प्लसला ०.१६, मायनसला ०.१. मग नॉब सोडली. गुरुजींनी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात लागलं. बॅटरी तीच होती.

पाचला एक तरुण तयार केबलचं वेटोळं घेऊन आला, स्वस्तात मिळालेलं. हातात घेतल्याबरोबर हलकं लागलं. एक तार ब्लेडनं खरवडली तर तांबूस सालीखाली पांढरी निघाली. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीत असली तार तांब्याच्या दोन तृतीयांश करंटसुद्धा धड नेत नाही. लग दाबला तरी ॲल्युमिनियम काही महिन्यांत दबून सैल पडतं. मी ती बसवून दिली नाही. पोरगा नाराज झाला, पण खरवडलेली तार खिशात घालून गेला.

आठला शटर खाली. तुमची गाडी थंडीत कुरकुरत असेल तर नव्या बॅटरीचे पैसे देण्याआधी मिस्त्रीला एवढंच सांगा, की सेल्फ मारताना प्लस आणि मायनस दोन्ही केबलींवर मीटर लावून दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे.