आधी हिरडी, मग भाकरी

घोडेगावच्या बाजारात गाय घेणारा माणूस दात बघतो, कास चाचपतो, जनावर चालवून बघतो, रवंथ करतं का तेही पाहतो. नेवासा तालुक्यातल्या या गावाला जनावर कळतं. तीच नजर दारातल्या कुत्र्यापाशी मात्र चुकते, कारण तिची पहिली कसोटी खाण्याची असते: भाकरी खाल्ली म्हणजे बरं आहे, हुंगून सोडली म्हणजे दुखणं. धडधाकट कुत्रंही एखादं जेवण सोडतं. उलट, रक्त गोठू न देणारं उंदराचं औषध खाल्लेलं कुत्रं दोन-तीन दिवस व्यवस्थित जेवतं आणि मग त्याला आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. घाई करायची की नाही, हे रक्ताभिसरण आणि श्वास सांगतात. भूक फार उशिरा सांगते.

ओठ उचलून हिरडी दाबावी. बोट काढल्यावर पांढरा डाग दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी पांढुरकी किंवा निळसर दिसली, तर सकाळची वाट पाहू नये. हिरडी जात्याच काळी असेल तर खालच्या पापणीची आतली बाजू बघावी. झोपलेल्या कुत्र्याचा श्वास साधारण मिनिटाला 30 च्या आत असतो. मान ताणून, कोपरं फाकवून श्वास ओढणारं कुत्रं मोजत बसण्याच्या पलीकडे गेलेलं असतं. नाक कोरडं की ओलं, यावरून मात्र काहीच ठरत नाही. अंगाला हात लावून तापही कळत नाही, कारण कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं.

गोठ्यातलं ज्ञान सर्वांत घातक ठरतं ते पोटफुगीत. गायीची डावी कूस फुगली की तेल पाजायची रीत आहे. पण जर्मन शेफर्ड किंवा कारवानीसारख्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट ताणलं, उमाळ्यावर उमाळे आले आणि फेसापलीकडे काहीच पडलं नाही, तर जठराला पीळ पडल्याची दाट शंका घ्यावी. तो शस्त्रक्रियेशिवाय सुटत नाही. तेल पाजलं तर ते फुफ्फुसात जाण्याचा धोका वर. फवारणीचं औषध पोटात गेल्यावर लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरतं. तिथेही मिठाचं पाणी पाजण्यापेक्षा औषधाची बाटली सोबत घेऊन निघावं.

‘कुत्रं गवत खाऊन ओकतं आणि आपलं आपण बरं होतं,’ हे म्हणणं खोटं नाही. एकदा ओकून शेपूट हलवणाऱ्या कुत्र्यासाठी रात्री धावाधाव नको. पण लस न टोचलेलं पिल्लू ओकतंय आणि रक्ताची हगवण लागलीय, किंवा कुत्रं कुंथतंय आणि लघवीचा थेंब पडत नाही, तिथे हा दाखला चालत नाही. दुसरा आक्षेप अंतराचा: गावचे दवाखाने गाई-म्हशींचे, नगर लांब. मान्य. पण वाटेत जाणारा वेळही कुत्र्याच्याच वेळातून वजा होतो, म्हणून अंतर हे लवकर निघण्याचं कारण आहे. निघण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा क्रमांकही आहे.

एका ठिकाणी मात्र हिरडी बघायचीच नाही. आवाज बदललेला, जबडा लोंबणारा, लाळ गाळत विनाकारण अंगावर येणारा कुत्रा पिसाळलेला असू शकतो. त्याच्या तोंडात हात न घालता त्याला कोंडून डॉक्टरांना कळवावं. तो चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुऊन माणसांच्या दवाखान्यात लगेच लस घ्यावी.