काचेच्या बशीतले तारुण्य

समजा, वैशाखातली एक संध्याकाळ आहे. लातूरच्या किंवा नांदेडच्या आपल्या घरी दिवेलागण झाली आहे आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचा फोन येतो. "बाबा, एक नवे इंजेक्शन निघाले आहे. पेशींचे वय कमी करते म्हणे. आईसाठी आणि तुमच्यासाठी मागवतो." मुलाचा हेतू निखळ प्रेमाचा असतो. आपल्यालाही क्षणभर मोह होतो. गुडघे कुरकुरत असतात, पहाटे तीनलाच जाग येत असते. हो म्हणावे की नाही, हे ठरवण्याआधी, वाचकहो, त्या बाटलीतल्या पदार्थाची हकिकत जाणून घ्यावी, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

या पदार्थाचे नाव एपिटॅलॉन. तो एक पेप्टाइड आहे. अमिनो आम्लांचे मणी ओवून झालेली छोटी माळ म्हणजे पेप्टाइड. आपल्यापैकी अनेकजण रोज टोचून घेतात ते इन्सुलिन हेदेखील पेप्टाइडच, ५१ मण्यांचे. एपिटॅलॉनच्या माळेत मात्र अवघे चार मणी आहेत: अॅलॅनिन, ग्लुटामिक आम्ल, अॅस्पार्टिक आम्ल आणि ग्लायसिन. रशियातील सेंट पीटर्सबर्गचे संशोधक व्लादिमीर खाविन्सन यांनी गुरांच्या मेंदूतील पिनियल ग्रंथीच्या अर्कावर दीर्घकाळ काम केले. त्या अर्काच्या अभ्यासातून ही चार मण्यांची कृत्रिम माळ प्रयोगशाळेत तयार झाली.

घोंगडीच्या दशा

या पदार्थाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष का गेले, हे समजण्यासाठी पेशीच्या आत डोकवावे लागेल. १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की माणसाच्या सामान्य पेशी काचेच्या बशीत वाढवल्या, तर त्या साधारण पन्नास वेळा दुभंगतात आणि मग थांबतात. त्या का थांबतात, याचे उत्तर पुढे गुणसूत्रांच्या टोकांशी सापडले.

आपल्याकडच्या जुन्या घोंगडीच्या काठाला दशा असतात. त्यांना गाठी मारलेल्या असल्यामुळे मधले विणकाम उसवत नाही. गुणसूत्रांच्या टोकांनाही अशाच दशा असतात; त्यांना टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगते त्या प्रत्येक वेळी त्या थोड्या झिजतात. फारच आखूड झाल्या की पेशी दुभंगणे थांबवते. झिजलेल्या दशा पुन्हा वाढवणारे एक विकरही शरीराजवळ आहे, टेलोमरेज नावाचे. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांनी ते १९८४ मध्ये शोधले. टेलोमिअरवरील संशोधनासाठी या दोघींना आणि जॅक झोस्टॅक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या बहुतेक सामान्य पेशींत हे विकर जवळजवळ निद्रिस्त असते.

प्रयोगशाळेत काय दिसले?

२००३ मध्ये खाविन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे नोंदवले, की बशीतल्या मानवी पेशींना एपिटॅलॉन दिल्यावर हे निद्रिस्त विकर जागे झाले आणि टेलोमिअर लांबले. त्याच सुमारास उंदरांच्या माद्यांवर झालेल्या प्रयोगात त्यांचे सरासरी आयुष्य वाढले नाही. मात्र सर्वांत जास्त जगलेल्या दहा टक्के माद्या नेहमीपेक्षा सुमारे १३ टक्के अधिक जगल्या, आणि रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाणही कमी आढळले. हे निष्कर्ष कुतूहल वाढवणारे आहेत, यात शंका नाही.

पण हकिकतीला दुसरी बाजू आहे. कर्करोगाच्या पेशी अविरत दुभंगू शकतात, याचे एक मोठे कारण हेच की त्यांनी आपल्या दशा झिजू न देण्याची युक्ती साधलेली असते. बहुसंख्य कर्करोगांत टेलोमरेज जागेच असते. २०२५ मध्ये लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील संशोधकांनी एपिटॅलॉन पुन्हा तपासले. सामान्य पेशींतील टेलोमिअर लांबले, हे त्यांनाही दिसले. पण स्तनांच्या कर्करोगाच्या पेशींतही ते लांबले, वेगळ्या मार्गाने. यावरून हा पदार्थ कर्करोग निर्माण करतो असे सिद्ध होत नाही. मात्र सत्तरीच्या माणसाच्या देहात एखादी बिघडलेली पेशी दडून बसलेली असू शकते, आणि तिच्यावर या औषधाचा काय परिणाम होईल, याचे उत्तर बशी देऊ शकत नाही. माणसांवर मोठ्या, स्वतंत्र चाचण्या झालेल्या नाहीत.

बशीपासून माणसापर्यंतची वाट

"पण उंदरांना तर फायदा झाला ना?" असे आपण विचाराल. त्यासाठी आणखी एका पेप्टाइडची गोष्ट सांगतो. टेरिपॅराटाइड हे ३४ मण्यांचे पेप्टाइड ठिसूळ हाडांवर दिले जाते. त्याच्या प्रयोगांत उंदीरवर्गीय प्राण्यांना हाडांचा कर्करोग झाला होता. म्हणून २००२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता देताना वेष्टनावर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले गेले. पुढे अनेक वर्षे रुग्णांवर लक्ष ठेवले, तेव्हा माणसांत तसा धोका वाढलेला आढळला नाही आणि २०२० मध्ये तो इशारा काढला गेला. येथे प्राण्यांतले भय माणसांत उतरले नाही. प्राण्यांतला लाभही असाच न उतरण्याची शक्यता असते. माणसांवरची शिस्तबद्ध चाचणी हाच त्यावरचा निवाडा.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. ते पुरेसे शुद्ध नव्हते; टोचलेल्या जागी गळू झाले आणि गुणही फारसा आला नाही. जेम्स कॉलिप यांनी ते अधिक शुद्ध केल्यावर २३ जानेवारीला पुन्हा दिले आणि साखर उतरली. पदार्थ तोच, फरक शुद्धतेचा.

आता मुलाने मागवलेली बाटली डोळ्यांपुढे आणा. अशा बाटल्यांवर बहुधा 'केवळ संशोधनासाठी' असे छापलेले असते. म्हणजे ती माणसाला टोचण्यासाठी आहे, अशी जबाबदारी विकणारा स्वतःच घेत नाही. आत लिहिलेला पदार्थ आहे का, किती आहे, जंतुविरहित आहे का, हे घरी कळण्याचा मार्ग नाही. पेप्टाइडे उष्णतेने बिघडतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि कुरिअरची पेटी दिवसभर गाडीत तापत असते. एपिटॅलॉनला भारतात औषध म्हणून मान्यता नाही. अमेरिकेच्या औषध नियामकांनीही २०२३ मध्ये ते सुरक्षिततेविषयी शंका असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवले होते.

होकार देण्यापूर्वी

कोणी डॉक्टर, ओळखीचा विक्रेता किंवा घरचाच माणूस असे इंजेक्शन सुचवील, तेव्हा पुढील प्रश्न शांतपणे विचारा.

१. हा परिणाम कोणात मोजला? बशीत, उंदरांत की माझ्या वयाच्या माणसांत?

२. नेमके काय मोजले? टेलोमिअरची लांबी, की चालणे, पडणे, आजारपण आणि आयुष्य? दशा लांबल्या म्हणजे घोंगडी नवी झाली, असे होत नाही.

३. ही चाचणी असेल, तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत तिची नोंद आहे का? आचार समितीची मान्यता आहे का? ही नोंदवही कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. नातवंडांना सांगा, पाच मिनिटांत शोधून देतील.

४. पैसे कोण देणार? संशोधनाचा खर्च त्यात भाग घेणाऱ्याकडून घेऊ नये, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे मार्गदर्शन आहे. पैसे भरून 'संशोधनात' सामील व्हायला सांगितले, तर सावध व्हा.

असे इंजेक्शन आधीच घेतले असेल, तर संकोच करू नका. पुढचा डोस थांबवा, बाटली जपून ठेवा आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना ती दाखवा. पूर्वी कर्करोग झाला असेल, तर ही भेट लांबणीवर टाकू नका. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. सुश्रूषा करणाऱ्या सुनांना आणि मुलांना एक विनंती: वडीलधाऱ्यांनी लपवून काही घेतले असे कळले, तर रागावू नका. रागावल्यास पुढच्या वेळी तेही कळणार नाही.

माणसांत मोजलेले

मग आपल्या हाती काय उरते? जे माणसांत मोजले गेले आहे, ते. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या जीवनाच्या स्त्री-पुरुषांची एक चाचणी झाली; तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला आरोग्यविषयक व्याख्याने दिली. दुसऱ्या गटाला चालणे, पायांना बळ देणारे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकवले. आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट होते. सरासरी अडीच वर्षांहून अधिक काळ पाहणी केल्यावर दिसले, की सुमारे ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण व्याख्यानांच्या गटात ३५.५ टक्के होते, तर व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के. हा फरक चमत्काराएवढा नाही, पण तो आपल्यासारख्याच म्हाताऱ्या पायांवर मोजलेला आहे.

चारशे मीटर म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून भाजी आणणे, देवळापर्यंत जाऊन येणे, आणि कोणाचा हात न धरता घरी परतणे. उन्हाळ्यात सकाळी ऊन चढण्याआधी नांदेडला गोदाकाठी, लातूरला घराजवळच्या बागेत दहा मिनिटांपासून सुरुवात करा. हृदयविकार, चक्कर किंवा अलीकडे पडण्याचा प्रसंग असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मुलाला नकार देताना त्याचे मन मोडू नका. त्याला सांगा, "बाळा, त्या बाटलीचे पैसे राहू दे. पुढच्या वेळी येशील तेव्हा दोन दिवस जास्त रहा, सकाळी माझ्याबरोबर चालायला ये." एपिटॅलॉनवरचे संशोधन पुढे जाईल, उद्या ते माणसांच्या चाचणीत उतरले, तर याच पानावर आम्ही ते आनंदाने सांगू. तोपर्यंत काचेच्या बशीतले तारुण्य बशीतच असू द्यावे.