वळण डोंगरात लपवा

घरात छोट्या आगगाडीचा देखावा मांडायचा, सुरुवात कशी करू, असं कोणी विचारलं की मी आधी वळणाचं बोलते. कोकण रेल्वेच्या वळणांची त्रिज्या 1,250 मीटरच्या खाली जाऊ दिलेली नाही. एचओ या जगभर चालणाऱ्या मापात सगळं 87 पट लहान होतं, तरी ते वळण चौदा मीटरच्या वर जातं. एवढा दिवाणखाना आमच्या रोह्यात कोणाच्या घरी आहे? नवशिक्यांच्या संचातले रूळ साधारण 18 इंच त्रिज्येचे. चार फुटी टेबलावर गाडी फिरते खरी, पण लांब डब्यांची टोकं रुळाबाहेर झुकतात.

ही लबाडी डोंगरात लपवायची. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे असताना आपल्या एका बोगद्याला कोण हसणार? फक्त मागून हात जाईल एवढी फट ठेवा. गाडी घसरते ती नेमकी आतच.

डोंगराचं सामान परदेशातून मागवू नका. माझं माहेर पेणचं, घरी गणपतीचा कारखाना. तिथे प्लास्टरमध्ये काथ्या भिजवून साच्यात लावतात. तसाच पातळ थर थर्माकोलच्या उतारावर द्यायचा. डोंगर हलका राहतो आणि सहसा तडकत नाही. शाडूचा मोह टाळा, ती जड होते आणि वाळताना भेगाळते. रंग मात्र मूर्तीसारखा चमकदार नको. गेरू, काळा, जरासा हिरवा, तोही पाण्यासारखा पातळ. चाळलेला लाकडाचा भुसा हिरवा रंगवला की भाताची खाचरं झाली.

पेण ते रोहा सगळा मार्ग करायला जाऊ नका. एका किलोमीटरलाच साडेअकरा मीटर लागतात. कासू, नागोठणं, निडी मनातच ठेवा आणि एकटं रोहा करा. दिवा स्थानकाहून येणारी मेमू इथे संपते आणि परत फिरते, म्हणजे एक गाडी, एक फलाट आणि एक सांधा एवढ्यावर वेळापत्रक चालवता येतं. ट्रक वाहणारी रो-रो इथे दाखवणं चूक, ती कोलाडहून दक्षिणेला जाते. मुलांनी हट्ट धरला तर दाखवा.

एखादा जाणकार खोड काढेलच. एचओचे रूळ 16.5 मिलिमीटरचे, ते 1,435 मिलिमीटरच्या परदेशी मार्गाचं माप. आपला ब्रॉडगेज 1,676चा, हिशेबाने 19च्या वर हवा. त्याला चहा द्या आणि गाडी सोडा.

खर्च करण्याआधी पुण्याला कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून या. भाऊ जोशींचा हा छंद 1998 साली लोकांसाठी खुला झाला. तिथलं अख्खं शहर बघून डोळे दिपतील. आपण टेबलाच्या मापातच राहायचं.

खरा वैरी आपला पाऊस. प्लायवूड मरीनचं घ्या आणि खालूनही रंगवा, नाहीतर श्रावणापर्यंत फुगून रूळ वाकडे होतात. पितळी रूळ लवकर काळवंडतात, निकेल-सिल्व्हरचे बरे. वीज 12 व्होल्टची, रुळांतूनच चाकांना मिळते. रुळांच्या जोडपट्ट्यांवर भरवसा न ठेवता तीन-चार ठिकाणी तारा डाखून घ्या. आणि जुलैत गाडी अडखळली तर इंजिन खोलायला बसू नका. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने रूळ पुसा, मग चाकं.